मराठी रहस्यकादंबरीतील न्यायवैज्ञानिक : पुरावा, कबुली आणि कथन

१. विषयप्रवेश

रहस्यकादंबरीचा विचार करताना 'गुन्हा कोणी केला?' हा प्रश्न केंद्रस्थानी धरण्याची रीत आहे. परंतु या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न उभा असतो, तो म्हणजे 'गुन्हा घडला, हे कशावरून कळले?' पहिला प्रश्न व्यक्तीविषयी आहे, दुसरा ज्ञानाविषयी. ज्या कादंबरीत न्यायवैज्ञानिक हे प्रमुख पात्र असते, तिच्यात हा दुसरा प्रश्न कथानकाचा कणा बनतो. मराठीत रहस्यकादंबरीची परंपरा विपुल असूनही अशी कादंबरी मात्र तुरळक आहे. हे असे का झाले असावे, आणि अशा कादंबरीला लागणारी सामग्री मराठी भाषेत व समाजव्यवहारात उपलब्ध आहे काय, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रारंभी परिभाषेचा खुलासा करणे अगत्याचे आहे. मृतदेहाची वा जखमांची तपासणी करून मृत्यूचे कारण सांगणारा डॉक्टर हा न्यायवैद्यकाचा तज्ज्ञ होय. न्यायवैज्ञानिक ही संज्ञा त्याहून व्यापक आहे. विषाचे पृथक्करण करणारा रसायनज्ञ, हस्ताक्षर व कागद तपासणारा दस्तऐवजतज्ज्ञ, बोटांचे ठसे जुळविणारा, गोळी कोणत्या शस्त्रातून सुटली हे सांगणारा, अशा सर्वांचा तिच्यात समावेश होतो. महाराष्ट्र शासनाच्या व्यवहारात या शास्त्रासाठी 'न्यायसहायक' असा शब्द रूढ आहे आणि तो विलक्षण अचूक आहे. हे शास्त्र न्यायाला साहाय्य करते, न्याय देत नाही. पुढील विवेचनात हा भेद वारंवार उपयोगी पडेल.

२. पाश्चात्त्य परंपरेतील वैज्ञानिक शोधक

इंग्रजी रहस्यकथेत प्रयोगशाळेचा प्रवेश फार लवकर झाला. १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या कॉनन डॉयलच्या पहिल्या होम्सकादंबरीत शेरलॉक होम्स वाचकाला प्रथम भेटतो तो रुग्णालयाच्या रसायनशाळेत, रक्ताचा डाग ओळखण्याची नवी कसोटी हाती लागल्याच्या आनंदात. तथापि होम्स हा पुढे निरीक्षणाचा आणि तर्काचा नायक म्हणून वाढला, आणि प्रयोगशाळा त्याच्या खोलीच्या कोपऱ्यात राहिली. प्रयोगशाळेलाच नायकत्व दिले ते आर. ऑस्टिन फ्रीमन या डॉक्टर-लेखकाने. त्याचा डॉ. थॉर्नडाइक १९०७ च्या पहिल्या कादंबरीपासूनच सूक्ष्मदर्शक आणि उपकरणांची पेटी घेऊन वावरतो. या पहिल्याच कादंबरीचा विषय लक्षणीय आहे. रक्ताने उमटलेला अंगठ्याचा ठसा आरोपीविरुद्ध निर्णायक पुरावा म्हणून पुढे येतो, आणि तो ठसाच बनावट असू शकतो हे थॉर्नडाइक सिद्ध करतो. कलकत्त्यात १८९७ साली बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले होते. त्या ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत घडविण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या भारतीय कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. त्यानंतर अवघ्या दहा वर्षांत कादंबरीने त्या नव्या पुराव्याकडे संशयाने पाहावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. न्यायवैज्ञानिक कादंबरी जन्मली ती विज्ञानाचे पोवाडे गाण्यासाठी नव्हे, तर पुराव्याची परीक्षा करण्यासाठी, असे यावरून म्हणता येईल.

या प्रकारच्या कादंबरीपुढे एक रचनागत अडचण असते. शोधकाच्या हाती असलेला प्रत्येक धागा वाचकाच्याही हाती असावा, हा रहस्यकथेचा अलिखित करार आहे. परंतु सोमलाची रासायनिक कसोटी किंवा धुळीतील परागकण वाचकाला कसे कळावेत? तज्ज्ञाचे ज्ञान वाचकाजवळ नसते. त्यामुळे उलगडा हा न्याय्य खेळ न राहता जादूगाराने टोपीतून काढलेला ससा ठरण्याचा धोका संभवतो. फ्रीमनने १९१२ च्या कथासंग्रहात यावर उपाय शोधला. त्याने गुन्हा व गुन्हेगार आधीच दाखविले, आणि 'कोणी?' या प्रश्नाऐवजी 'आता हे कसे उघडकीस येणार?' या प्रश्नावर उत्कंठा उभी केली. विसाव्या शतकाच्या अखेरीस दुसरा उपाय पुढे आला. पॅट्रिशिया कॉर्नवेल (१९९०) आणि कॅथी राइक्स (१९९७) यांनी तज्ज्ञ स्त्रीलाच निवेदक केले. राइक्स स्वतः न्यायवैज्ञानिक मानवशास्त्रज्ञ, तर कॉर्नवेल हिने व्हर्जिनियातील मुख्य वैद्यकीय परीक्षकाच्या कार्यालयात काम केले होते. निवेदकच तज्ज्ञ असल्यामुळे वाचक तिच्याबरोबर शिकत जातो, आणि ज्ञान हे रहस्य न राहता अनुभव बनते.

३. मराठी परंपरा : साहस, वेषांतर आणि कबुली

मराठी रहस्यकथेचा सर्वांत मोठा वाचकवर्ग निर्माण केला बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी. चंद्रकांत सखाराम चव्हाण हे त्यांचे मूळ नाव. सहस्राहून अधिक पुस्तके लिहिणाऱ्या या लेखकाने काळा पहाड, झुंजार, धनंजय आणि छोटू अशी पात्रे घराघरांत नेली. पुढे गुरुनाथ नाईक यांच्या मालिकांनी आणि सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांच्या दारा बुलंद, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन, बॅरिस्टर अमर विश्वास या नायकांनी वाचनालयांची कपाटे भरली. होम्सकथा भालबा केळकरांसारख्यांनी मराठीत आणल्या. या साऱ्या परंपरेकडे विद्यापीठीय समीक्षेने दीर्घकाळ दुर्लक्ष केले. वाचनाची गोडी लावणारे साहित्य असे तिचे गौरवपूर्ण परंतु अपुरे वर्णन करून विषय संपविण्यात आला.

या परंपरेतील शोधकाची बलस्थाने पाहिली, तर ती प्रामुख्याने तीन दिसतात : अंगचे धाडस, वेषांतराची कला आणि माणसे वाचण्याची हुशारी. शिरवळकरांच्या वकील-नायकामुळे तर्क आणि न्यायालय यांना स्थान मिळाले, हा महत्त्वाचा टप्पा होय. तथापि उलगड्याचा नेहमीचा क्षण कोणता, असे विचारले तर उत्तर एकच येते : नायक सर्वांसमक्ष घटनाक्रम सांगतो आणि गुन्हेगार तो कबूल करतो. कबुली हा या कथांचा पूर्णविराम आहे.

येथे कादंबरी आणि कायदा यांच्यातील अंतर ध्यानात घेण्याजोगे आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम २५ नुसार पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नसे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम २३ मध्येही हेच तत्त्व कायम आहे. कोठडीतील आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली, तर त्या शोधाशी निगडित तेवढाच भाग ग्राह्य ठरतो. कोठडीत वदवून घेतलेल्या शब्दावर विश्वास ठेवू नये, हा या तरतुदीमागील विचार आहे. म्हणजे ज्या बिंदूवर आपली रहस्यकादंबरी संपते, तेथे कायद्याच्या दृष्टीने अद्याप काहीच सिद्ध झालेले नसते. कबुलीवर विसंबणारी कादंबरी नकळत वाचकाला असे शिकविते की, माणसाकडून वदवून घेणे म्हणजेच सत्यशोधन. समाजात कोठडीतील मारहाणीला जी मूक संमती आढळते, तिच्या संदर्भात ही शिकवण निरुपद्रवी मानता येत नाही.

वास्तवातील गाजलेल्या प्रकरणांनीही ही प्रवृत्ती बळकट केली असावी. १९७६–७७ मध्ये पुण्यात घडलेल्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडाच्या खटल्यात साथीदारांपैकी एक माफीचा साक्षीदार झाला आणि त्याची साक्ष महत्त्वाची ठरली. चौघा आरोपींना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. या प्रकरणाने 'माफीचा साक्षीदार' हा शब्दप्रयोग मराठी घरांत नेला. सत्य बाहेर येते ते आतल्या माणसाच्या तोंडून, ही समजूत त्यामुळे अधिक दृढ झाली.

अपवाद नाहीत असे नव्हे. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले बाळ फोंडके यांनी विज्ञानाच्या आधारे गुन्ह्याचा उलगडा करणाऱ्या कथा लिहून रहस्यकथा आणि विज्ञानकथा यांच्या सीमेवरचा प्रदेश मराठीत आणला. तरी सर्वसामान्य मराठी प्रेक्षकाच्या मनात न्यायवैज्ञानिकाची प्रतिमा रुजविली ती पुस्तकाने नव्हे, तर दूरचित्रवाणीने. १९९८ साली सुरू झालेल्या 'सीआयडी' या हिंदी मालिकेतील डॉ. साळुंखे हे पात्र आडनावाने मराठी. पण ते बोलते हिंदीत, आणि त्याची प्रयोगशाळा काही मिनिटांत उत्तर देते. वैज्ञानिक मिळाला, विज्ञानाची संथ गती मात्र हरवली, असे या प्रतिमेविषयी म्हणावे लागते.

४. पंचनामा : एक दुर्लक्षित गद्यप्रकार

न्यायवैज्ञानिक कादंबरी परकीय प्रयोगशाळेतून आयात करावी लागेल, अशी समजूत असेल तर ती तपासून पाहिली पाहिजे. मराठीत पुराव्याचे एक अस्सल गद्य फार काळापासून लिहिले जात आहे. ते म्हणजे पंचनामा. घटनास्थळाच्या चतुःसीमा, मृतदेहाची दिशा, अंगावरील कपडे, जखमांचे माप, जप्त केलेला मुद्देमाल, पंचांच्या सह्या वा अंगठे असे त्याचे स्वरूप असते. उत्तम पंचनाम्यात जे दिसले तेच लिहिलेले असते, आणि का घडले याविषयी मौन असते. विशेषणांना त्यात थारा नाही. मराठी ग्रामीण कथेच्या भाषेचा अभ्यास करणाऱ्यांनी या गद्याकडे अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही.

त्याचे वाङ्मयीन सामर्थ्य स्पष्ट करण्यासाठी एक काल्पनिक प्रसंग घेऊ. बार्शी तालुक्यातील एखाद्या वस्तीवर विहिरीत एका विवाहितेचा मृतदेह सापडतो. पोलीस पाटील वर्दी देतो. मरणोत्तर पंचनामा होतो, शवविच्छेदन होते, आणि व्हिसेरा सीलबंद करून प्रयोगशाळेकडे रवाना होतो. पाय घसरला, उडी घेतली, की मृत्यूनंतर देह पाण्यात टाकला? मराठी ग्रामीण कथेने विहिरीतील मृत्यू असंख्य वेळा रंगविला आहे. परंतु तेथे या तीन शक्यतांमधील निवड लेखकाने आधीच केलेली असते, आणि वाचकाला ती मान्य करावी लागते. न्यायवैज्ञानिकाला ही मुभा नाही.

त्याच्यापुढे एक कसोटी असते ती डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची. यांचे कवच सिलिकायुक्त असल्यामुळे ते सहजी नष्ट होत नाही. पाण्यात पडताना माणूस जिवंत असेल, तर श्वासाबरोबर पाणी फुप्फुसात शिरते, डायटम रक्तात मिसळतात आणि चालू असलेल्या हृदयाच्या ठोक्यांबरोबर अस्थिमज्जेपर्यंत पोचू शकतात. देह मृत असेल तर रक्ताभिसरणच नसल्यामुळे हा प्रवास घडत नाही. म्हणून मज्जेतील डायटम आणि त्याच विहिरीच्या पाण्यातील डायटम यांची तुलना केली जाते. मात्र ही कसोटी वादातीत नाही. बुडूनही डायटम न सापडण्याची, आणि हाताळणीतील दूषणाने ते खोटेच सापडण्याची शक्यता असते. त्यामुळे तिच्याकडे एकमेव पुरावा म्हणून पाहिले जात नाही.

या एका कसोटीत कादंबरीची केवढी सामग्री आहे! विहिरीच्या पाण्याचा नमुना वेळीच घेतला होता काय? मधल्या काळात पंप लावून विहीर उपसली गेली, ती पिकासाठी की अन्य हेतूने? पंच म्हणून सही करणारा मनुष्य मृताच्या सासरचा देणेकरी आहे काय, आणि न्यायालयात तो फितूर होईल काय? प्रश्न विज्ञानाचे आहेत, परंतु त्यांची मुळे शेतीत, नातेसंबंधांत आणि गावच्या सत्तेत गेलेली आहेत. न्यायवैज्ञानिक कादंबरी ही महानगरी कादंबरीच असली पाहिजे, हा समज येथे गळून पडतो. प्रयोगशाळा मुंबईत कलिना येथे असेल, पुण्यात किंवा नागपुरात असेल. पण तिच्याकडे जाणारी बरणी तालुक्याच्या गावातून निघते. बरणीवरील लाख शाबूत आहे की नाही, हा प्रश्न कोणत्याही वेषांतराइतकाच उत्कंठावर्धक ठरू शकतो.

५. प्रयोगशाळेचे मौन : लागू खटला

वैज्ञानिक पुराव्याच्या मर्यादेचे महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य हा खटला. सर्वोच्च न्यायालयाने त्याचा निकाल डिसेंबर १९५९ मध्ये दिला. पुण्याच्या लक्ष्मीबाई कर्वे या सधन विधवा होत्या. डॉ. लागू हा त्यांच्या परिचयाचा व विश्वासातील डॉक्टर. १२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री दोघे पुण्याहून मुंबईस आगगाडीने निघाले. १३ नोव्हेंबरच्या पहाटे गाडी व्हिक्टोरिया टर्मिनसला पोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. डॉक्टरने त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले आणि त्यांचे नाव वेगळेच सांगितले. त्याच दिवशी दुपारपूर्वी त्यांचा मृत्यू झाला. मृतदेह बेवारस ठरून राहिला आणि शवविच्छेदन झाले ते कित्येक दिवसांनी, २३ नोव्हेंबरला. रासायनिक पृथक्करणात कोणतेही विष आढळले नाही. मधुमेहजन्य बेशुद्धी असे मृत्यूचे कारण नोंदविण्यात आले.

वैज्ञानिक कथानक येथे संपले. परंतु दुसरे कथानक तेव्हाच सुरू झाले होते. लक्ष्मीबाई जिवंत आहेत, त्यांनी पुनर्विवाह केला असून त्या दूरदेशी स्थायिक झाल्या आहेत, अशा आशयाची पत्रे नातलगांना व परिचितांना येत राहिली, आणि दरम्यान त्यांची मालमत्ता डॉक्टरच्या हाती जात राहिली. प्रकरण उघडकीस येऊन १९५८ मध्ये त्याला अटक झाली. सत्र न्यायालयाने दिलेली मृत्युदंडाची शिक्षा उच्च न्यायालयाने कायम केली, आणि सर्वोच्च न्यायालयात तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी अपील फेटाळले. बहुमताचे निकालपत्र न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिले, तर न्या. सरकार यांनी भिन्न मत नोंदविले.

बहुमताची भूमिका थोडक्यात अशी मांडता येईल. विषप्रयोगाच्या खटल्यात विष रासायनिक तपासणीत सापडलेच पाहिजे, अशी अट घातली तर वैद्यकीय ज्ञान असलेला गुन्हेगार नेहमीच सुटेल. अनेक विषे शरीरात सहजी ओळखता येत नाहीत. म्हणून वैद्यकीय पुरावा मूक असला, तरी खोटे नाव, नातलगांपासून लपविलेला मृत्यू, बनावट पत्रे आणि मालमत्तेचा अपहार यांची एकत्रित साखळी निर्दोषत्वाशी सर्वस्वी विसंगत असेल, तर दोषसिद्धी होऊ शकते. उलटपक्षी, मृत्यू नैसर्गिक असण्याची शक्यता नाकारता येत नसेल, तर मृत्यूनंतरचे वर्तन कितीही निंद्य असले तरी त्यावरून खून सिद्ध होतो काय, हा भिन्नमताचा गाभा होता. ही दोन्ही मते गंभीर आहेत.

साहित्याच्या अभ्यासकाला या निकालात काय सापडते? प्रथमतः, 'विष आढळले नाही' आणि 'विष दिले गेले नाही' या दोन वाक्यांत केवढे अंतर आहे, याची जाणीव. पहिले वाक्य तपासणीविषयी आहे, दुसरे जगाविषयी. न्यायवैज्ञानिक पहिलेच वाक्य लिहू शकतो. दुसऱ्याचा निर्णय न्यायालयाने करावयाचा असतो. 'न्यायसहायक' या शब्दाची अचूकता येथे प्रत्ययास येते. दुसरे असे की, एकाच घटनेची दोन सुसंगत कथने शक्य असतात आणि विद्वान न्यायमूर्तींमध्येही त्यांबाबत मतभेद होतो. लोकप्रिय रहस्यकादंबरी अखेरच्या पानावर एकच कथन शिल्लक ठेवते. ज्या कादंबरीत प्रयोगशाळा मौन पाळते आणि तरीही निर्णय घ्यावाच लागतो, ती कादंबरी वाचकाला उत्तराबरोबर जबाबदारीही देते. आपल्या लेखकांसमोर हे निकालपत्र इतकी वर्षे उपलब्ध आहे. त्यातून मराठीत एक मोठी कादंबरी निर्माण होऊ शकेल.

६. दस्तऐवजाची परीक्षा : 'ध'चा 'मा'

लागू प्रकरणात देह मूक राहिला आणि कागद बोलू लागले. कागदाची परीक्षा ही तर मराठी संस्कृतीची जुनी विद्या आहे. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झाला. 'धरावे' या शब्दातील 'ध'चा 'मा' करून 'मारावे' असा पाठ आनंदीबाईने सिद्ध केला, अशी परंपरागत कथा आहे. ऐतिहासिक सत्य म्हणून ती कितपत टिकते हा इतिहाससंशोधनाचा स्वतंत्र विषय होय. परंतु ती कथा म्हणून का टिकली, हा प्रश्न साहित्याचा आहे. एका अक्षरातील फेरफारावर राज्याचे भवितव्य अवलंबून असते, ही कल्पना मराठी मनाला इतकी पटली की तिचा वाक्प्रचार झाला. आजच्या परिभाषेत बोलायचे तर हा दस्तऐवज-परीक्षणाचा प्रश्न आहे : शाई एक आहे काय, लेखणीचा ओघ एक आहे काय, खोडल्याची खूण आहे काय? रामशास्त्री प्रभुणे यांची निःस्पृह न्यायाधीश म्हणून असलेली प्रतिमा या कथेला जोडलेली आहे. तपास आणि न्याय यांची सांगड लोकस्मृतीने आधीच घातलेली होती, एवढे यावरून निश्चित दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वि. का. राजवाडे यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' प्रसिद्ध करण्यास आरंभ केल्यावर अस्सल आणि बनावट यांतील विवेक ही एक शिस्त बनली. कागद, हस्ताक्षराचे वळण, शिक्का, मायना, कालगणना या सर्वांची छाननी करणारा मोडीवाचक हा एका अर्थी न्यायवैज्ञानिकाचा सख्खा चुलत भाऊच म्हणावा लागेल. वतनाच्या वादात खोटी सनद पुढे येणे ही आपल्या सामाजिक इतिहासातील परिचित गोष्ट आहे. मोडी दस्तऐवजतज्ज्ञाला नायक करणारी रहस्यकादंबरी ही या भूमीतून सहज उगवू शकणारी न्यायवैज्ञानिक कादंबरी ठरेल.

७. रचनेविषयी काही निरीक्षणे

न्यायवैज्ञानिक प्रमुख पात्र झाले की कादंबरीच्या घटकांत कोणते बदल होतात, याचा आता विचार करू.

पहिला बदल काळाचा. साहसप्रधान कादंबरीला वेग लागतो. प्रयोगशाळेला प्रतीक्षा लागते. व्हिसेराचा अहवाल येईपर्यंतचा काळ हा रिकामा काळ नसतो. त्यात साक्षीदारांच्या आठवणी झिजतात, तडजोडी होतात, मृताच्या घरी वर्षश्राद्धही उरकते. या प्रतीक्षेचे चित्रण हे अशा कादंबरीचे खरे भावकेंद्र ठरू शकते.

दुसरा बदल मृताच्या स्थानाचा. नेहमीच्या रहस्यकादंबरीत मृतदेह हा पहिल्या प्रकरणातील निमित्त असतो आणि पुढे तो विसरला जातो. न्यायवैज्ञानिक कादंबरीत मृत व्यक्ती शेवटपर्यंत उपस्थित राहते. तिचे नखांतील कण, तिच्या हाडांतील खुणा साक्ष देतात. ज्यांना हयातीत कोणी विचारले नाही, त्यांची बाजू येथे प्रथमच ऐकली जाते. विहिरीतल्या त्या विवाहितेच्या संदर्भात या मुद्द्याचे सामाजिक महत्त्व वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

तिसरा बदल भाषेचा. तज्ज्ञाची भाषा वाचकाला कळली पाहिजे, आणि तरी तिची शिस्त सुटता कामा नये. मराठी लेखकाला येथे दुहेरी शब्दभांडार उपलब्ध आहे. सोमल, बचनाग, धोतरा, कण्हेर ही विषांची घरगुती नावे एका बाजूला, आणि व्हिसेरा, डीएनए, पोस्टमॉर्टेम हे रुळलेले शब्द दुसऱ्या बाजूला. कृत्रिम संस्कृतप्रचुर पर्याय घडविण्यापेक्षा या दोन थरांमधील ये-जा अधिक जिवंत ठरेल. वकील एक शब्द वापरतो, डॉक्टर दुसरा, आणि मृताची आई तिसराच. या तीन शब्दांत मिळून एक समाज दिसतो.

चौथा बदल वैज्ञानिकाच्या व्यक्तिरेखेचा. तो सर्वज्ञ असेल तर कादंबरी कोसळते. ॲलेक जेफ्रीज यांनी १९८४ साली डीएनए-ठशांचे तंत्र शोधल्यानंतर आणि हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रात लालजी सिंग यांनी ते भारतात विकसित केल्यानंतर विज्ञान आता अचूक झाले, अशी भावना पसरली. परंतु डीएनए हा नमुना कोणाचा ते सांगतो. तो तेथे कधी व कसा आला हे सांगत नाही. पाचशे मैलांवरून आलेला पाहुणा आणि मारेकरी, दोघांचेही केस एकाच उशीवर सापडू शकतात. वैज्ञानिकाचे नाट्य त्याच्या ज्ञानात जेवढे असते, तेवढेच 'याहून अधिक मी सांगू शकत नाही' असे साक्षीच्या पिंजऱ्यातून म्हणण्याच्या धैर्यात असते. महाराष्ट्राच्या न्यायसहायक प्रयोगशाळांचे संचालकपद डॉ. रुक्मिणी कृष्णमूर्ती यांच्यासारख्या स्त्री-वैज्ञानिकेने भूषविलेले असताना, आपल्या कादंबरीतील तज्ज्ञ मात्र बहुधा पुरुषच कल्पिला जावा, हाही विचार करण्याजोगा विरोधाभास आहे.

८. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, मराठी रहस्यकादंबरीत न्यायवैज्ञानिक अभावाने आढळतो याचे कारण सामग्रीचा अभाव हे नाही. पंचनाम्याचे गद्य, दस्तऐवजाच्या परीक्षेची परंपरा, लागू खटल्यासारखी निकालपत्रे आणि विषांचे समृद्ध लोकज्ञान ही सामग्री मराठीत विद्यमान आहे. अभाव आहे तो कबुलीऐवजी पुराव्यावर कथानक तोलून धरणाऱ्या दृष्टीचा. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैज्ञानिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली असून, ती टप्प्याटप्प्याने लागू करण्यासाठी राज्यांना पाच वर्षांपर्यंतचा अवधी दिला आहे. म्हणजे जे पात्र आजवर कादंबरीच्या परिघावर होते, ते तालुक्याच्या आणि गावाच्या प्रत्यक्ष जीवनात येऊन उभे राहणार आहे.

पदव्युत्तर अभ्यासकांना या क्षेत्रात काम करण्यास पुष्कळ वाव आहे. अर्नाळकर, नाईक, शिरवळकर यांच्या निवडक कादंबऱ्यांतील उलगड्याच्या प्रकरणांचे वर्गीकरण करून कबुली, प्रत्यक्षदर्शी साक्ष, परिस्थितिजन्य पुरावा आणि वैज्ञानिक पुरावा यांचे प्रमाण काढता येईल. पंचनाम्याच्या भाषेचा शैलीवैज्ञानिक अभ्यास करता येईल. बार्शीसारख्या ठिकाणच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयांच्या देवघेव नोंदवह्या जेथे उपलब्ध असतील, तेथे रहस्यकादंबरीचा वाचक कोण होता हे पाहता येईल. पुस्तकांच्या पाठीला चिकटविलेल्या तारखांच्या पट्ट्या हाही एक पुरावाच होय, आणि पाने सुटत चाललेल्या या पुस्तकांबरोबर तो वेगाने नष्ट होत आहे. तो नोंदवून ठेवण्याचे काम प्रथम हाती घेतले पाहिजे.